कुणाची रं पोरं तुमी?

(प्रस्तावना)

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा, कृष्णा आणि वारणा एकाच वेळी पात्राबाहेर आल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही शिरोळ तालुक्यातल्या एका गावात दहा-बारा मुलं घेऊन गेलो होतो. सगळी आठवी ते बारावीतली. बरोबर खोरी, घमेली, खराटे आणि ब्लीचिंग पावडरची पोती. एका म्हातारीच्या घरात गुडघाभर गाळ साचला होता, काळा आणि चिकट. मेलेल्या जनावरांचा वास गल्लीभर होता. नववीतल्या एका मुलाने कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक ओढून उंबऱ्याबाहेर आणली. आतली लुगडी गाळ पिऊन दगडासारखी जड झाली होती. तो एकेक लुगडं टँकरच्या पाण्याखाली धरायचा, झटकायचा, पिळायचा आणि पुन्हा पाण्याखाली धरायचा. म्हातारी भिंतीला टेकून बघत होती. दुपारी तिने विचारलं, "कुणाची रं पोरं तुमी?"

आमच्या भागात हा प्रश्न विचारला की बापाचं नाव, गल्ली, भावकी सांगायची असते. मुलाने माझ्याकडे पाहिलं. तीनच महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, चर्चच्या शिबिराच्या शेवटच्या रात्री हाच मुलगा शंभरेक जणांसमोर उभा राहून आपल्या विश्वासाची साक्ष देऊन आला होता, आणि चांगली दिली होती. इथे मात्र त्याला शब्द सापडेना. "कोडोलीची, आज्जी," एवढं म्हणाला. थोड्या वेळाने, पुढचं लुगडं पिळता पिळता, स्वतःहून म्हणाला, "चर्चची." म्हातारीने शेजारणीला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. तिच्या घरात चूल पेटायला अजून दोन दिवस होते.

हे पुस्तक हातात आलं तेव्हा मला आधी तो प्रश्न आठवला. शिबिरांच्या आठवणी, अनुभव, वाद आणि काही पालकांची पत्रं यांचा हा संग्रह आहे. मराठी ख्रिस्ती घरांतली बारा ते अठरा वर्षांची मुलं विश्वासात कशी वाढतात, हा त्याचा विषय. मी तीसेक वर्षं शाळेत शिकवलं आणि त्यातले बरेचसे मे महिने मुलांबरोबर शिबिरात काढले. म्हणून ही प्रस्तावना माझ्याकडे आली.

ज्यांनी असं शिबिर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. वार्षिक परीक्षा संपली की वेगवेगळ्या मंडळ्यांतली, म्हणजे चर्चमधली, मुलं चार-पाच दिवसांसाठी एकत्र येतात. पन्हाळा, पाचगणी, महाबळेश्वर, नाहीतर एखाद्या गावातलं शाळेचं आवार. सोबत बायबल, वही, ताट-वाटी, पांघरूण. पहाटे घंटा होते, मग शांत वेळ. ज्याने त्याने झाडाखाली किंवा कट्ट्यावर जाऊन एकटं वाचायचं, प्रार्थना करायची. मग पोहे, बायबल अभ्यास, गटचर्चा, वचनांचं पाठांतर, दुपारी खेळ, संध्याकाळी गायन आणि संदेश, रात्री शेकोटी. गायनात गिटार असते, पण पेटी-तबला निघाला आणि कुणी नारायण वामन टिळकांचं भजन सुरू केलं की स्वयंपाकघरातल्या मावश्यासुद्धा दारात येऊन उभ्या राहतात. कामाच्या तुकड्या असतात. भांडी, पाणी, झाडलोट, वाढप. नवीन मुलाला पहिल्या दिवशी सगळ्यात नकोशी वाटते ती भांड्यांची तुकडी. चौथ्या दिवशी त्याचे जिवलग मित्र त्याच तुकडीतले असतात.

यातलं पुष्कळसं बाहेरून आलेलं आहे आणि ते कुठून आलं हे माहीत असावं. १८६८ साली वेल्समधल्या लँडडनो इथे सुट्टीवर आलेल्या मुलांसाठी जोसाया स्पायर्स या तरुणाने समुद्रकाठच्या वाळूत देवाच्या प्रीतीबद्दलचे शब्द आखले आणि मुलांना ते गोट्या-शिंपल्यांनी सजवायला सांगितले. त्यातून समुद्रकाठी मुलांसाठी उपासना सुरू झाल्या आणि पुढे स्क्रिप्चर युनियनचं जगभरचं काम उभं राहिलं. १८८१ साली अमेरिकेत पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने क्रिश्चन एंडेव्हर सुरू केलं. सभा मुलांनीच चालवायची, समित्या मुलांनीच नेमायच्या, आजाऱ्यांना भेटायला मुलांनीच जायचं, असा त्याचा बेत होता. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज या बाईंनी बिअरची विक्री व्हायची ती जागा भाड्याने घेऊन रस्त्यावरच्या मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा भरवली. आज आपल्या खेड्यातली लहान मुलंही जिला व्हीबीएस म्हणतात, तिची ही आजी.

या सगळ्यात एक धागा थेट कोल्हापूरचा आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२च्या अखेरीस कोल्हापुरात आले. शहरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. पुढे कुटुंब अमेरिकेला परतलं, रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे ड्वाइट मूडी यांच्या नेतृत्वाखाली महिनाभराचं विद्यार्थी शिबिर भरलं. अडीचशे विद्यार्थी होते. कोल्हापूरचा हा मुलगा तिथे एकेकाला गाठून बोलत राहिला, आणि शिबिर संपताना शंभर जणांनी परदेशी सेवेसाठी नाव दिलं. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली आणि पुढच्या दशकांत हजारो तरुण जगभर गेले. चळवळीचे इतिहास रॉबर्टचं नाव घेतात, ते योग्यच आहे. पण त्याची बहीण ग्रेस त्याच्याइतकीच या गोष्टीच्या मुळाशी होती. भाऊ शिबिराला निघाला तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना करणारी ती होती, आणि पुढे आईबरोबर ती आपल्याच भागात परत आली, इस्लामपूरला राहून खेड्यापाड्यांतल्या बायकांमध्ये काम करत राहिली. वारणा ओलांडली की पलीकडे वाळवा तालुका, तिथलं तेव्हाचं इस्लामपूर. उन्हाळी शिबिरातून नाव देऊन उठणारी तरुणाई आणि तिच्या मागे गावात राबणारी एक बाई. या दोन्ही गोष्टी एका घरातून निघाल्या, आणि त्या घराचा उंबरा कोल्हापुरात होता.

मराठी मातीतून आलेला प्रवाह वेगळा आहे. १९०५च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आत्मिक जागरण झालं त्यात बहुतेक मुलीच होत्या, त्यातल्या कितीतरी दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी उचलून आणलेल्या. रमाबाईंनी प्रार्थनेसाठी आणि गावोगाव जाऊन सांगण्यासाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या मुली मागितल्या. आपल्याकडच्या युवाकार्याचा इतिहास लिहिताना पाश्चात्त्य मुलांची नावं आधी येतात आणि या मुली तळटीपेत जातात. तो क्रम मला पटत नाही. उपास सोसलेल्या, घर गमावलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली सकाळी शेतात आणि विणकामात राबत, रात्री प्रार्थनेत बसत आणि मग आजूबाजूच्या गावांत निघत. श्रद्धा आणि श्रम त्यांच्या दिवसात वेगळे काढता येत नव्हते.

दुसरं नाव नारायण वामन टिळकांचं. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण त्यांची भजनं उरली, आणि आपल्या भाषेत, आपल्या चालीत प्रभूला हाक मारता येते हा विश्वास उरला. १९२२ साली अहमदनगरला जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. तो पुढे पुण्यात स्थिरावला. खादी, जमिनीवर बसून जेवण, एकत्र श्रम आणि उपासना, हा आश्रमाचा साचा त्याने ख्रिस्ती तरुणांसमोर ठेवला.

'शिबिर' हा शब्दही एकट्या मंडळ्यांचा नाही. महाराष्ट्रात तो राष्ट्र सेवा दलाने १९४१नंतर घरोघर नेला. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत हजारो तरुणांनी हातात कुदळ घेतली. १९६९पासून राष्ट्रीय सेवा योजनेने महाविद्यालयातल्या मुलांना खेड्यात राहायला लावलं. माझ्या पिढीतले कितीतरी ख्रिस्ती शिक्षक सेवादलाच्या शिबिरात शिकलेली गाणी आणि शिस्त घेऊन मंडळीच्या शिबिरात आले. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या रुग्णालयाच्या सावलीत वाढलेल्या घरांत तर सेवा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नसे. रात्रपाळी करून आलेली आई ते दाखवून देत असे.

आज शिबिर चालवणाऱ्यांत ढोबळमानाने चार वळणं दिसतात. पहिलं निर्णयाचं. मुलाने स्वतः प्रभूचा स्वीकार करावा, पवित्र शास्त्र रोज वाचावं, आणि तो दिवस त्याच्या लक्षात राहावा. स्क्रिप्चर युनियन किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत काम करणारी युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया याच परंपरेतली. दुसरं वळण न्याय आणि समाजाचं. स्टुडंट क्रिश्चन मूव्हमेंट आणि वायएमसीए यांनी जात, गरिबी, शांतता हे प्रश्न बायबल अभ्यासात आणले. १९३४च्या बिहार भूकंपानंतर पिएर सेरेझोल हे स्वित्झर्लंडचे शांतिवादी तिथे येऊन गावं बांधायला हातभार लावून गेले, आणि 'वर्क कँप' ही कल्पना भारतात दिसली, ती याच घरातली. तिसरं कॅथलिक. त्यात इग्नाशियस लोयोलांपासून आलेली मौनसाधना आहे, आणि बेल्जियमच्या जोझेफ कार्डेन यांनी तरुण कामगारांना शिकवलेली रीतही आहे: आधी पाहा, मग पारखा, मग कृती करा. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या लढ्यात विहिरी, झाडं आणि पाणी हे उपासनेपासून दूरचे विषय राहिले नाहीत, हे याच पद्धतीचं मराठी रूप म्हणता येईल. चौथं वळण पवित्र आत्म्याने भरून जाण्याचं, मुक्तीच्या जागरणाशी नातं सांगणारं. मोठ्याने प्रार्थना, अश्रू, रात्रभराच्या सभा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या भागात हेच सर्वांत वेगाने वाढलं.

प्रत्यक्षात एकच मूल चारही वळणांतून जातं. आई चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत, मामा पेंटेकोस्टल, शाळा कॅथलिक. शिबिर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ भांडणं वाचतील.

आता आमच्या जागेबद्दल. वारणानगरला लागून कोडोली. कोल्हापूरहून अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली पन्हाळ्यावर आणि १८९३ साली कोडोलीत ठाणं केलं. प्रार्थनेबरोबर शाळा आणि औषधपाणी आलं. पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी बहुतेक गावकुसाबाहेरची होती. अक्षर, औषध आणि माणूस म्हणून हाक, या तीन गोष्टी त्यांना एकदम मिळाल्या, आणि आजही आमच्या घरांत पणजोबाची गोष्ट सांगताना या तिन्ही एकत्रच सांगितल्या जातात. पुढे तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला, वारणानगर वसलं, दूध संघ आला, महाविद्यालयं आली, आणि शेतकऱ्यांच्या मुलांचा बाल वाद्यवृंद देशभर वाजू लागला. खेड्यातल्या पोरांच्या हातून मोठं काम होऊ शकतं हे इथल्या हवेतच आहे. आमच्या मुलांनीही ती हवा घेतली.

तरी वर्गात ती एकटीच असतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याच्याही आत भरले. खेड्यातल्या शाळेत साठ मुलांच्या वर्गात एक किंवा दोन. नाव दोन प्रकारचं असतं, एक हजेरीपटावरचं आणि एक बायबलमधलं. नाताळात वर्गमित्र केक खायला येतात, तेही प्रेमाने येतात, पण चौदाव्या वर्षी मुलाला जे विचारायचं असतं ते विचारायला कुणी नसतं. प्रार्थना करून काही झालं नाही तर काय समजायचं? मित्राच्या घरच्या आरतीला उभं राहायचं की नाही? आपण परके आहोत का? शिबिरात गेल्यावर त्याला पहिल्यांदा कळतं की हेच प्रश्न घेऊन बत्तीस शिराळ्याची, जयसिंगपूरची, गडहिंग्लजची पोरं बसली आहेत. सकाळी कुणीतरी आपल्या घरच्यासारखं "सलाम" म्हणतं आणि त्याला इकडेतिकडे बघावं लागत नाही. हा दिलासा लहान नाही. माझ्या मते शिबिराची अर्धी कमाई इथेच होते, संदेशाच्या आधीच.

उरलेली अर्धी शिबिरात होत नाही, गावात परत आल्यावर होते, आणि इथे माझं मत थोडं हट्टी आहे. फक्त आपल्यासारख्यांत राहून वाढलेला विश्वास घाबरट होतो. आणि नुसती खोरी हातात घेऊन केलेलं काम, त्यामागे प्रार्थना आणि सोबत नसेल तर, दोन पुरांनंतर थकून थांबतं. म्हातारीच्या उंबऱ्यावर त्या मुलाला शब्द सापडायला वेळ लागला, पण तो तिथे पोचला होता तो मेच्या शिबिरामुळे, आणि शेवटी त्याला "चर्चची" म्हणता आलं ते हातात लुगडं होतं म्हणून. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा कुणी सांगायच्या आधी त्याने घमेली गोळा केली होती. त्या वेळी तो अकरावीत होता.

शिबिरांनी मुलांना दुखावलेलंही मी पाहिलं आहे आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. एका शिबिरात बाहेरून आलेल्या वक्त्याने रात्री दिवे मालवून नरकाचं वर्णन केलं. सातवीतली एक मुलगी त्यानंतर दोन रात्री झोपली नाही. तिची आजी नुकतीच वारली होती, ती ख्रिस्ती नव्हती, आणि मुलीच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. तिला जवळ घेऊन बसणारी एक मावशी होती, वाढपाच्या तुकडीतली. त्या मुलीचा विश्वास टिकला असेल तर तो त्या मावशीमुळे. शेवटच्या रात्री किती हात वर झाले हे मोजून अहवालात लिहिण्याची सवय मंडळ्यांनी सोडावी. दमलेली, घरापासून दूर असलेली मुलं शेकोटीपाशी रडतात, तो त्यांचा मऊपणा असतो आणि तो जपायचा असतो. हात वर केलेल्या मुलाच्या घरी जूनमध्ये कोण गेलं, हे लिहा.

त्याच काळजीपोटी या पुस्तकात व्यवस्थेवर एक संपूर्ण भाग आहे. पालकांचं लेखी संमतिपत्र, मुलींसोबत पुरेशा स्त्री कार्यकर्त्या, एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत कधीही नाही, औषधं आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर, २०१२च्या पॉक्सो कायद्याची कार्यकर्त्यांना माहिती. कुणाचंही मूल त्याच्या आईवडिलांना न सांगता शिबिरात आणू नये. आजूबाजूला संशयाचं वातावरण असताना हे कायद्यासाठी गरजेचं आहेच. पण ज्या प्रभूने मुलांना जवळ येऊ दिलं, त्याच्या नावाने भरलेल्या शिबिरात मुलांची सुरक्षितता सैल असणं मला सहनच होत नाही.

आज हा विषय निकडीचा का झाला, याचं उत्तर मे महिन्यातच आहे. तो महिना आता क्लासवाल्यांचा झाला आहे. दहावीच्या उन्हाळी बॅचा, नीट, सीईटी. पाच दिवस सुट्टी काढणं पालकांना परवडत नाही. मुलाच्या खिशात फोन आहे आणि त्यात जगातला प्रत्येक प्रचारक आहे, पण त्याचं नाव माहीत असलेला एकही नाही. अठराव्या वर्षी ही मुलं पुण्याला, मुंबईला जातात आणि बरीचशी मोठ्या शहरातल्या गर्दीत मंडळीपासून सुटतात. मंडळीच्या मालमत्तेवरून कोर्टात भांडणारे वडीलधारेही त्यांनी पाहिलेले असतात. अशा वेळी त्यांना धरून ठेवणारी गोष्ट कोणती असते? या पुस्तकातल्या लिखाणात पुन्हापुन्हा दोनच गोष्टी येतात: कुणीतरी एक मोठं माणूस ज्याने आपलं ऐकून घेतलं, आणि एखादं काम जे आपण स्वतःच्या हाताने केलं. गाजलेला वक्ता क्वचितच कुणाला आठवतो.

संपादकांनी कुठल्याही एका पंथाची बाजू घेतलेली नाही. ज्यांनी शिबिरानंतर मंडळी सोडली त्यांचंही लिहिणं घेतलं आहे, आणि ते काटछाट न करता छापलं आहे. मला तो निर्णय धाडसाचा वाटतो आणि मी त्यांच्या पाठीशी आहे. काही लेख महाविद्यालयीन तरुणांनी मोबाइलवर टाइप करून पाठवले, काही वहीच्या पानांवर पेन्सिलीने आले. कोल्हापुरी बोली जिथे होती तिथे तशीच ठेवली आहे. हे पुस्तक शिबिर कसं घ्यावं याची कृती देत नाही. पाळक, शिक्षक आणि पालकांनी ते मुलांबरोबर बसून मोठ्याने वाचावं आणि मध्येच थांबून मुलांना बोलू द्यावं, अशा बेताने त्याची मांडणी आहे.

या मजकुराची जुळणी चालू असताना ती शिरोळची म्हातारी गेल्याचं कळलं. तिच्या मुलाने निरोप पाठवला होता, मला नाही, त्या मुलाला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. बाराव्याला आला, रात्रीच्या एसटीने, आणि सकाळी पंगतीत वाढायला उभा राहिला.

वारणानगर